माळजवळ्याचा अर्धा दगड

खोटं बोलायला माणसाला तोंड लागतं. दिगंबर तांबटने ते काम एका दगडावर सोपवलं होतं, आणि दगडाने ते अकरा वर्षं बिनबोभाट केलं.

सन २०४२च्या जानेवारीत रेहाना पठाणचा फोन आला तेव्हा तो नाशिकच्या आपल्या संस्थेत, भट्टीच्या खोलीत उभा होता. रेहाना त्याची जुनी विद्यार्थिनी. त्याच्या हाताखाली तिने पीएच.डी. केली आणि मग दगड वितळवण्याचं शास्त्र सोडून दगड ओळखण्याच्या शास्त्रात गेली. आकाशातून पडलेले म्हणून गावोगाव जपलेले दगड खरे की खोटे, हे तपासणाऱ्या सरकारी मोहिमेची ती आता प्रमुख होती.

"सर, पुढच्या मंगळवारी माळजवळ्याला जायचंय," ती म्हणाली. "मोहिमेची सुरुवात तिथूनच करायचं ठरवलंय मी. तुमच्या हातचा दगड आहे, पहिला निकाल तरी चोख लागेल. तुम्ही यायलाच हवं, गावानेही आमंत्रण दिलंय."

दिगंबर हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? माळजवळ्याला कौसाबाईच्या घरात ठेवलेला दगड खोटा होता, आणि हे पृथ्वीच्या पाठीवर एकट्या त्याला माहीत होतं. फोन ठेवल्यावरही तो बराच वेळ भट्टीच्या आकड्यांकडे बघत राहिला, पण त्यातला एकही त्याच्या डोक्यात शिरला नाही.

गंमत अशी की ही मोहीम निघाली तीही त्याच्याच पराक्रमामुळे. त्यासाठी थोडं शास्त्र सांगितलं पाहिजे.

आकाशातून येऊन जमिनीवर पोचलेल्या दगडाला शास्त्रज्ञ अशनी म्हणतात. बहुतेक अशनी म्हणजे सूर्यमाला घडली तेव्हाचा कच्चा माल, कधीही न वितळलेली, घट्ट बसलेली धूळ. पण शंभरातले काही थोडे निराळे निघतात. ते कधीकाळी वितळले होते आणि मग निवून त्यांचे स्फटिक झाले, जसा आपला सह्याद्रीचा काळा कातळ झाला. अशांना अग्निजन्य म्हणायचं. आता पृथ्वीच्या पोटात आग आहे हे ठीक. पण पाच-पंचवीस कोसांच्या लघुग्रहाच्या पोटात कच्चा माल किती तापला, किती वितळला, म्हणजे असा दगड तयार झाला? ते बघायला तेव्हा कुणी हजर नव्हतं. म्हणून भट्टीत करून बघायचं. कच्चा दगड थोडासा वितळवायचा आणि त्यातून पाझरलेला रस अग्निजन्य दगडासारखा आहे का ते तपासायचं. उलट अग्निजन्य दगड पुरता वितळवून निववायचा आणि तेच स्फटिक त्याच क्रमाने परत येतात का ते पाहायचं. दोन्हीकडून हिशोब जुळला तर आपला तर्क बरोबर.

अडचण होती ती वेळेची. कढवलेलं तूप झटकन थंड केलं तर गुळगुळीत होतं, सावकाश निवू दिलं तर रवाळ. दगडाचंही तेच, फक्त लघुग्रहाच्या पोटात निवायला हजारो वर्षं मिळतात. दिगंबरने यावर तोड काढली. वितळलेला दगड त्याने एकसारखा थंड केला नाही. दोन अंश वर, तीन अंश खाली असा झुलवत झुलवत नेला. वर जाताना बारीक स्फटिक विरघळत, खाली येताना त्यांचा माल मोठ्यांच्या अंगावर चढे. लहानांना खाऊन मोठे होतात हे जगात काही नवं नाही. चाळीस दिवसांत हजार वर्षांचा रवा तयार. संस्थेत या भट्टीला सगळे झोका म्हणत, पुढे जगभर तेच नाव रूढ झालं.

आणि मग जगभर झोके झाले. शास्त्रज्ञांकडे झाले तसे कारागिरांकडेही झाले. बाजारात चंद्राचे दगड आले, लघुग्रहांचे आले, आणि पत्रिकेत मंगळ असलेल्या मुलींसाठी खुद्द मंगळावरचा खडा अंगठीत बसवून मिळू लागला. डोळ्यांनी किंवा सूक्ष्मदर्शकाने खरं-खोटं कळेना. शेवटी ते कळलं ऑक्सिजनमुळे. दगडाच्या वजनातला निम्म्याच्या आसपास भाग ऑक्सिजनचा असतो. त्याचे अणू तीन वजनांचे असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण एका ग्रहाचं दुसऱ्याला मिळत नाही. भट्टीत रंग करता येतो, रवा करता येतो, वरचं काळं कवचही करता येतं. पण पृथ्वीवरच्या मालातून ऑक्सिजन निघतो तो पृथ्वीचाच. हे मोजणारं यंत्र आता शिवणयंत्राएवढं झालं होतं. खसखशीएवढा ठिपका लेसरने जाळायचा, दहा मिनिटं थांबायचं, निकाल हातात.

ते यंत्र घेऊन रेहाना माळजवळ्याला निघाली होती.

माळजवळा हे परभणी जिल्ह्यात जिंतूरच्या पुढे, माळावर बसलेलं गाव. अकरा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, भर दुपारी, कौसाबाई दराडे खळ्यावर ज्वारी उफणत असताना तिच्यापासून दहा हातांवर एक दगड धप्पकन मातीत घुसला. गावातल्याच कुणीतरी भिरकावला असं तिला आधी वाटलं. नवऱ्याने टाकून दिलेली, गावकुसाला एकटी राहणारी बाई. दगडांची तिला सवय होती. मग आभाळातला गडगडाट ऐकून माणसं धावत आली आणि तिला कळलं की हा दगड गावातला नव्हे.

एक किलो नऊशे ग्रॅमचा तो दगड पाहून दिगंबर वेडा व्हायचा बाकी राहिला होता. काळ्या कवचाखाली फिकट, हिरवट-राखी रंग. असला अग्निजन्य अशनी जगात चार-दोनच. तेव्हा नुकत्याच झालेल्या नियमाप्रमाणे अर्धा दगड संशोधनाला आणि अर्धा जिच्या जमिनीत पडला तिला मिळायचा होता; पण कापायला आधी अख्खा न्यायला हवा होता. ग्रामसभा भरली. कुणी म्हणालं मंदिर बांधू, कुणी म्हणालं विकू. कौसाबाईला विचारलं तेव्हा ती उठून एवढंच बोलली:

"एवढं आभाळ सोडून त्यो माज्या खळ्यावर आलाय. माज्या दाराला कुनी येत न्हाई, त्यो आला. अर्दा न्या, पर माजा अर्दा मला माघारी पायजे."

दिगंबरला त्या दिवशी फार उमाळा आला होता. तो नाशिकच्या तांबट आळीत वाढलेला. त्याचे वडील डाग द्यायला, ठोकायला आलेल्या प्रत्येक भांड्याच्या काठावर बारीकशी खूण उमटवत आणि गिऱ्हाइकाचं तेच भांडं त्याच गिऱ्हाइकाच्या हातात देत. भांडं फुटकं निघालं तर तसं तोंडावर सांगत, पण त्याच्याजागी दुसरं सरकवत नसत. हे सगळं त्याने भर ग्रामसभेत सांगितलं. "बाई, आम्ही तांबट. आमच्याकडे आलेलं भांडं बदलत नाही," असं म्हणून त्याने दगड उचलला. गावाने टाळ्या वाजवल्या.

संस्थेत दगड कापला. एक अर्धा कपाटात गेला, दुसऱ्याचे चार भाग झाले. ते झोक्याच्या चार कप्प्यांत, प्लॅटिनमच्या चार मुशींत म्हणजे वितळवायच्या भांड्यांत बसायचे होते. आता या प्लॅटिनमची एक खोड आहे. त्याला लोखंडाची हाव असते. कोरी मूस तापली की दगडातलं लोखंड पिऊन टाकते आणि मागे राहतो तो भलताच दगड. म्हणून मुशीत आधी लोखंडाची पूड भरून ती दोन दिवस तापवायची, तिची हाव भागवायची. याला मुरवणं म्हणतात. हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रेहाना त्या वेळी त्याची विद्यार्थिनी होती आणि मुशी मुरवणं तिचं काम होतं. तिने मुरवलेल्या मुशी डाव्या फळीवर ठेवल्या होत्या, कोऱ्या उजव्या फळीवर होत्या.

त्याच सुमाराला परदेशातला एक गट अशाच दगडावर काम करतोय अशी बातमी आली. दिगंबर शनिवारी एकटाच संस्थेत गेला, हाताला लागल्या त्या मुशी काढल्या, दगड भरला, झाकणं जोडली आणि भट्टी सुरू केली. मुरवलेली मूस मळकट दिसते, कोरी लखलखीत. त्याच्या हातातल्या लखलखत होत्या. त्याला ते दिसलं होतं. पण थांबून नीट बघितलं असतं तर शंका आली असती, शंका आली असती तर दोन दिवस गेले असते, म्हणून त्याने नीट बघितलंच नाही.

चाळीस दिवसांनी मुशी फोडल्या तेव्हा आतलं लोखंड मुशींनी पिऊन टाकलं होतं. चारही कप्पे वाया. रेहाना रडली. मुरवायच्या आपल्याकडूनच राहिल्या असतील असं तिनेच म्हटलं, आणि दिगंबर म्हणाला, "असू दे, होतं असं." किती मोठ्या मनाने म्हणाला! या चार शब्दांची पुढे त्याला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कशाचीच वाटली नाही. फळ्यांवर उरलेल्या मुशी मोजायला किती वेळ लागला असता? पण गुरुजींनी माफ केल्यावर कोण मोजतं?

मग त्याने कौसाबाईचा अर्धा काढला. आधी चिमूटभर घेऊ म्हणाला, मग पाव घेऊ, मग एवीतेवी मोडलाच आहे तर प्रयोग पुरा करू. प्रयोग सुरेख झाला. स्फटिक नेमक्या क्रमाने परत आले. कच्चा माल चौथाई वितळला आणि त्यातलं सोडियम उडून गेलं नाही तर असा दगड होतो हे जगात पहिल्यांदा सिद्ध झालं. त्यावरच्या शोधनिबंधात लिहिलं होतं की प्रयोग संशोधनाच्या अर्ध्यावर केले आणि दुसरा अर्धा गावाला सुपूर्द केला. पहिलं वाक्य खोटं होतं आणि दुसरं खरं करणं भाग होतं.

ते त्याने झोक्यातच खरं केलं. बरण्यांतल्या पावडरी मोजून घेतल्या, चाळीस दिवस झुलवल्या. वरचं काळं कवच गॅसच्या ज्योतीने स्वतः चढवलं. आच कुठे किती लावायची हे वडिलांच्या भात्यापाशी बसून शिकलेलं होतं, ते कामी आलं. दगड इतका छान झाला की त्याचा त्यालाच क्षणभर अभिमान वाटला. तो घेऊन माळजवळ्याला गेला तेव्हा कौसाबाईने पदरात घेतला, त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई हिंडवलं माज्या लेकराला." मग तिने त्याला भाकरी-ठेचा वाढला आणि तो जेवला. घास घशाखाली उतरला, हे नवल.

त्यानंतर दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत तिच्याकडून एसटीने एक पिशवी येई. तो ती न उघडता शिपायाला देई.

नाशिकहून माळजवळ्याचा रस्ता सात तासांचा. दिगंबरने मनाशी ठरवलं होतं की गाडीतच रेहानाला सगळं सांगून टाकायचं. पहिला चहा झाला की सांगू, असं वैजापूरपर्यंत चाललं. मग जालन्याला जेवण झालं की सांगू. शंभर परिषदांत भाषणं ठोकलेल्या माणसाला एक वाक्य जुळवता येईना. जेवण झाल्यावर त्याने घसा खाकरला, तेवढ्यात तीच बोलायला लागली.

"तुम्हाला आठवतंय सर, त्या चार मुशी? मी कोऱ्या ठेवल्या होत्या त्या? दुसरा कुणी असता तर मला हाकलून दिलं असतं. त्या दिवसापासून मला प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची सवय लागली. ही मोहीम म्हणजे त्याच चुकीची फेड आहे म्हणा ना."

दिगंबरने तोंड उघडलं होतं ते मिटून घेतलं. मंठा गेलं, जिंतूर गेलं. गावच्या वेशीवर लेझीम आलं तेव्हाही त्याच्या तोंडातलं वाक्य तोंडातच होतं.

कार्यक्रम शाळेच्या अंगणात होता. सरपंच उत्तमराव घुगे यांनी स्वागत केलं. कौसाबाई पुढच्या रांगेत खुर्चीवर बसली होती, नवं लुगडं नेसून, मांडीवर फडक्यात गुंडाळलेला दगड घेऊन. अकरा वर्षांपूर्वी जिला कुणी खळ्यावर विचारत नव्हतं तिला आता सगळे दगडवाल्या मावशी म्हणत. आसपासच्या शाळा तिच्याकडे सहली काढत, आणि ती पोरांना दगड आभाळातून कसा आला ते हातवारे करून सांगे. नवऱ्याने टाकलेली बाई हे तिचं नाव गाव विसरलं होतं ते त्या दगडामुळे.

रेहानाने दगड हातात घेऊन यंत्रात ठेवला. ठिपका जळला. दहा मिनिटं सरपंचांनी भाषण केलं. निकाल वाचून रेहानाने दुसरा ठिपका जाळला, मग तिसरा. मग तिने दिगंबरकडे न बघता, हळू आवाजात सरपंचांना सांगितलं की हा दगड पृथ्वीवरचा आहे, भट्टीत केलेला आहे.

अंगणात कुजबुज सुरू झाली. सगळ्या माना कौसाबाईकडे वळल्या.

"मावशे," सरपंच म्हणाले, "खरा दगड कुठं हाय?"

"ह्योच की."

"ह्यो खोटा निगालाय. खरा कुनाला दिला?"

"सायबानं आनून दिला त्योच ह्यो," कौसाबाई म्हणाली. "अकरा वरसं घरातून भाईर न्हाई काडला."

मागून कुणीतरी म्हणालं की पत्र्याच्या घराचा स्लॅब झाला तो काय आभाळातून पडला काय. दुसरा म्हणाला, टाकलेल्या बाईची जात, विकला असंल. तो एक शब्द पुसायला अकरा वर्षं लागली होती आणि परत यायला एक क्षणही लागला नाही. तालुक्याचे अधिकारी आले होते, नोंद झालेला दगड न विचारता विकणं गुन्हा आहे, फिर्याद द्यावी लागेल, असं त्यांनी नियमावर बोट ठेवून सांगितलं. कौसाबाई कुणाकडेच बघत नव्हती. ती दिगंबरकडे बघत होती. त्याने नुसतं हो म्हणावं, एवढीच तिची अपेक्षा होती. की साहेबांनी दिला तो हाच.

लाज ही अशी चीज आहे की ती वेळेवर आली तर माणूस चांगला होतो, आणि उशिरा आली तर नुसता घाम येतो. दिगंबरला घाम आला होता. रेहाना शेजारी उभी होती, समोर शाल-श्रीफळाचं तबक होतं, आणि तो गप्प बसला असता तर त्याच्याकडे एकही बोट उठणार नव्हतं. हे त्याला अगदी स्पष्ट कळलं, आणि आपण त्याचा विचार करतोय हेही कळलं. मग तो उठला.

"बाईंनी काही केलेलं नाही," तो म्हणाला. "त्यांचा दगड मी वितळवला. हा खोटा मीच बनवला आणि आणून दिला."

मग सरपंचांचे डोळे भरून आले. ते पुढे झाले आणि त्यांनी दिगंबरचे दोन्ही हात धरले.

"बगा रे," ते गावाला म्हणाले, "येवडा मोटा मानूस, आन् एका बाईची अब्रू झाकायला पाप सोताच्या अंगावर घ्यायलाय. अशी मानसं ऱ्हाईली न्हाईत."

दिगंबर नाही नाही म्हणत राहिला, पण तो जितका म्हणाला तितक्या टाळ्या वाढल्या. अधिकाऱ्यांनीही मान डोलावली. साहेबांची इच्छा असेल तर प्रकरण मिटवू, म्हणाले. सरपंचांनी तबकातली शाल त्याच्या खांद्यावर घातली. त्याने ती काढली तर त्यांनी परत घातली. खरं बोलल्याबद्दल अशी शिक्षा कुणाला झाली असेल असं वाटत नाही.

एका माणसाला ते खरं वाटलं होतं. गर्दी चहाकडे वळली तेव्हा कौसाबाई यंत्रातला दगड परत फडक्यात घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आन् माजा?" तिने विचारलं.

"वितळवला."

"समदा?"

"समदा."

तिने फडक्यातल्या दगडाकडे पाहिलं. "मंग ह्याच्यात काय हाय?"

बरण्यांतल्या पावडरी, असं त्याने सांगितलं.

"मंग मी अकरा वरसं कुनासंगं बोलत व्हते?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. रडायचा दिगंबरला हक्क नव्हता म्हणून तो रडलाही नाही. मेल्याहून मेलं होणं म्हणतात ते काय, हे त्याला त्या अंगणात कळलं.

रेहाना अजून यंत्राजवळ होती. तिच्यापाशी जाऊन त्याने सांगितलं की त्याला लेखी जबाब द्यायचाय. सर, भावनेच्या भरात काही करू नका, असं ती म्हणाली. तिलाही तो बाईला वाचवतोय असंच वाटत होतं. तिला तसं वाटावं असंच तो अकरा वर्षं वागत आला होता. तरी तिने छापील कागद दिला. शाळेच्या व्हरांड्यात बसून त्याने लिहिलं, आणि खाली साक्षीदाराची सही हवी म्हणून सरपंचांपुढे कागद धरला. सरपंचांनी हात जोडले. देवमाणसाच्या बदनामीवर आपण सही करणार नाही, म्हणाले. दुसऱ्याने मान हलवली, तिसरा चहा आणतो म्हणून गेला.

"काय लिवलंय?" कौसाबाईने विचारलं. "वाचा."

त्याने वाचलं. सदर नमुन्याचा उर्वरित अर्धा भाग तांत्रिक कारणास्तव प्रयोगात खर्ची पडला असून, वगैरे.

"तांत्रिक म्हंजी काय?"

दिगंबरने कागद उगाच सरळ केला.

"कारन काय व्हतं ते इचारतेय मी."

"घाई," तो म्हणाला.

"मंग घाई लिवा की."

त्याने ती ओळ खोडली आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. आता जे लिहायचं होतं ते आधी तोंडाने बोलल्याशिवाय लिहिता येणार नव्हतं. त्याने रेहानाला जवळ बोलावलं.

"मुशी मी काढल्या होत्या, रेहाना. उजव्या फळीवरून, कोऱ्या. तू मुरवलेल्या डावीकडे तशाच होत्या."

रेहानाला ते कळायला थोडा वेळ लागला. बाकीच्या गावाला हा काय प्रकार आहे ते उमजलं नाही, पण तिला मुशी माहीत होत्या, फळ्या माहीत होत्या. असली गोष्ट कुणी कुणाची अब्रू झाकायला रचून सांगत नाही.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"भरतानाच दिसलं होतं. फोडल्यावर खात्री झाली."

"मी रडत होते तेव्हा?"

"हो."

तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तेही लिहा, तांबटसाहेब," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्याला सर सोडून दुसरी हाक मारली नव्हती. मग ती व्हरांड्यातून उतरून यंत्राची पेटी भरायला गेली आणि पुन्हा त्याच्याकडे वळली नाही.

त्याने तेही लिहिलं. मुशी कुणी काढल्या, रेहानाला काय म्हणाला, निबंधात काय लपवलं, कवच कुठल्या ज्योतीने चढवलं. दीड पान झालं. कौसाबाईने सगळं वाचून घेतलं, मध्ये दोनदा थांबवून परत वाचायला लावलं. तोवर सरपंच आणि चारपाच जण भोवती जमले होते. कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. सरपंचांनी त्याच्या खांद्यावरची शाल हळूच काढून घेतली आणि घडी घालून तबकात ठेवली.

"साक्षीला कोन हाय?" कौसाबाईने विचारलं.

अजूनही कुणी पुढे आलं नाही.

"मी हाय," ती म्हणाली. "माज्या हातानं दिला व्हता, माघारी आला न्हाई. माज्यापरीस कुनाला ठावं हाय?"

तिने खुर्ची ओढली आणि कागद गुडघ्यावर घेतला. सही करायला ती साठी जवळ आल्यावर शिकली होती. सहलीची पोरं वहीवर तिची सही मागत म्हणून शाळेच्या बाईंनी शिकवली होती. एकेक अक्षर बघत तिने पूर्ण नाव काढलं, दराडेतला ड जरा मोठा झाला. तारीख घातली. मग पेन दिगंबरपुढे धरलं.

"आता तुमी," ती म्हणाली.

दिगंबरने तिच्या नावाखाली सही केली.